गावची सल्लागार समिती पंचायतीबरोबर कशी चालवायची: आमच्या मोरीवरून शिकलेलं सगळं

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर व्हाळावर (ओढ्यावर) एक मोरी होती, म्हणजे पाणी रस्त्याखालून जायला सिमेंटचे दोन पाइप आणि वर डांबराचा रस्ता, एवढंच. दर जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की वरून आलेल्या झावळ्या, पाला, प्लास्टिकच्या बाटल्या सगळं त्या पाइपांच्या तोंडाशी अडकायचं आणि पाणी रस्ता ओलांडून थेट खालच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत शिरायचं, सुपारीची झाडं चार चार दिवस पाण्यात उभी. मग जुलैच्या ग्रामसभेत आम्ही उभे राहून जीव तोडून बोलायचो, सरपंच म्हणायचे बघूया, सेक्रेटरी मान हलवायचे, आणि पुढच्या जूनला परत तेच. एकदा सहज म्हणून जुन्या सभांची इतिवृत्तं वाचायला मागितली. आम्ही वर्षानुवर्षं बोललेलं सगळं तिथे एका ओळीत होतं: "रस्त्याच्या विषयावर चर्चा झाली." मोरी नाही, व्हाळ नाही, कुळागर नाही. त्या दिवशी कळलं की तोंडाने दिलेला सल्ला पंचायतीत पोचतच नाही, तो कागदावर, नंबर पडून, पुढच्या माणसाच्या टेबलावर जावा लागतो, आणि हे काम एकट्यादुकट्याचं नाही. म्हणून समिती.

डिचोली, सत्तरी, पेडणे भागातले ओळखीचे लोक विचारतात की तुम्ही हे कसं बसवलं, म्हणून सगळं एकदाच लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण यात शॉर्टकट नाहीये.

पहिली गोष्ट, समितीला रजिस्ट्रेशन लागत नाही. सोसायटी रजिस्टर करायची तर किमान सात जण, घटना, दरवर्षीचा हिशोब हे सगळं आलं, आणि गावातली अर्धी ताकद त्यातच जाते. सुरुवात नुसती वहीवर करा. पण एक पुढची पायरी डोक्यात ठेवा: १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यात ग्रामसभेला पंचायतीच्या कामावर लक्ष ठेवायला देखरेख समित्या नेमायची तरतूद आहे. बऱ्याच गावांत त्या नेमल्याच जात नाहीत किंवा नेमल्या तरी नावं कोणाला माहीत नसतात. आमचा गट वर्षभर तसाच चालला, लोकांना आमचं काम दिसलं, मग ग्रामसभेत ठराव करून त्यातल्याच पाच जणांना रस्ते-पाण्याच्या देखरेख समितीवर घेतलं. आधी काम, मग नाव, ही चाल मला तरी बरोबर वाटते, कारण उलटं केलं की नाव मिळालेले लोक घरी बसतात.

गावात आधीच असलेल्या समित्याही बघून घ्या. जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची, तिच्याकडे गावच्या झाडा-झऱ्यांची, तळ्यांची नोंदवही असायला हवी. ग्राम आरोग्य समिती असते. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण भागात २००६ च्या वनहक्क कायद्याखालची वनहक्क समिती असते, दहा ते पंधरा जणांची, ग्रामसभेनेच निवडलेली. खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेती) असलेल्या गावात बांध आणि मानशीचं (पाणी आतबाहेर सोडायच्या दाराचं) काम कूळ संघटनेकडे असतं आणि ती मामलेदाराच्या अखत्यारीत येते, कोमुनिदादीची (जुन्या गावसंस्थेची) सामाईक जमीन तर पूर्ण वेगळा विषय. तुमची समिती यांच्यावर चढून बसायला नकोय, यांच्यातला एकेक माणूस आपल्यात असला की पुरे. आमच्या वहीत जैवविविधता समितीतल्या एक काकी आहेत, त्यांनी नोंदवही काढून दाखवली तेव्हा कळलं की आमच्या व्हाळावर वर तीन झरी आहेत, पाणी पावसाळ्यानंतरही का वाहतं ते तेव्हा समजलं.

माणसं कोण घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. आम्ही नऊ जण आहोत, प्रत्येक वाड्यावरचा निदान एक. एक निवृत्त मास्तर, ज्यांचं अक्षर आणि भाषा दोन्ही चांगली. एक भाऊ सरकारी खात्यात क्लार्क होते, फाइल कुठून कुठे जाते हे त्यांना तोंडपाठ. सेल्फ हेल्प ग्रुपच्या दोघी, कारण पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं हे त्यांच्याशिवाय कोणालाच नीट सांगता येत नाही. एक कुळागरवाले. दोन कॉलेजची मुलं, फोटो आणि टायपिंगला. पंच मेंबरला समितीत घेऊ नका, पण प्रत्येक बैठकीला बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या, आणि काय ठरलं ते त्याच रात्री कळवा. गोव्यात पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण कोण कोणाचा हे गावाला माहीत असतंच, त्यामुळं पुढच्या निवडणुकीला उभं राहायचा विचार असलेल्या माणसाने तो समितीत आधीच सांगावा अशी आमची अट आहे. एकाने सांगितलं आणि स्वतःहून बाजूला झाला, आज तो पंच आहे आणि आमचं त्याच्याशी छान जमतं.

आता मतदार यादी, हे लोक विसरतात. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस, दुसरा कोणी नाही. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या चार सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत होती, म्हणजे पाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलू शकणाऱ्या बायकांना ग्रामसभेत बोलायचा हक्कच नव्हता. पत्ता बदलायला फॉर्म आठ, नवीन नाव घालायला फॉर्म सहा, बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याकडे) किंवा मोबाइलवरून भरता येतो. समितीचं पहिलं काम हेच ठेवा, घरोघरी यादी घेऊन फिरा. यातून फक्त नावं दुरुस्त होत नाहीत, प्रत्येक घराचं म्हणणं पण कानावर पडतं.

वेळापत्रक असं आहे. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होते. त्याशिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) यांच्या निमित्ताने खास ग्रामसभा असते, त्या दिवशी नाहीतर नंतरच्या रविवारी. एक कॅलेंडर घ्या, आठही सभा लाल पेनने मांडा, आणि प्रत्येकीच्या तीन आठवडे आधी निळी खूण करा. समितीचं खरं काम त्या निळ्या खुणेपासून सुरू होतं. सभेच्या दिवशी जे होतं ते बहुतेक आधीच ठरलेलं असतं, तुम्ही ठरवलं नसेल तर दुसऱ्या कोणी ठरवलेलं असतं.

तीन आठवड्यांतला पहिला आठवडा एकाच प्रश्नाला द्या: हे काम कोणाचं? आम्ही किती वर्षं पंचायतीवर ओरडत होतो आणि रस्ता निघाला पीडब्ल्यूडीचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा. पाइप एके काळी पंचायतीने टाकलेले. व्हाळावरचा वरचा बंधारा जलस्रोत खात्याचा. कचरा अडकतो तो पंचायतीचा विषय. म्हणजे एका मोरीला तीन मालक, आणि तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात, त्यात कोणाची वाईट बुद्धी असतेच असं नाही, प्रत्येकाच्या फाइलीत तेवढाच तुकडा असतो. म्हणून सर्व्हे नंबर काढा, सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा) घ्या, रस्ता कोणाच्या नावावर ते खात्यात जाऊन विचारा. भांडायला जाऊ नका, विचारायला जा. ज्युनियर इंजिनियर लोकांना सहसा कोणी नीट विचारतच नाही, सगळे ओरडतात, त्यामुळं नकाशा हातात घेऊन शांतपणे विचारणाऱ्याला ते बऱ्याचदा वेळ देतात.

दुसरा आठवडा पुराव्याचा. आम्ही मोरीच्या कडेला एक बांबू रोवला, त्यावर कॉलेजच्या मुलीने ऑइल पेंटने दर अर्ध्या फुटाला लाल पट्टा मारला. जूनचे अकरा दिवस, रोज सकाळी सातला, कोणीतरी छत्री घेऊन जायचं आणि पाणी कुठल्या पट्ट्यापर्यंत आहे ते वहीत लिहायचं, शेजारी पाऊस जोरात की रिपरिप तेवढं, आणि एक फोटो. चौथ्या दिवशी पाणी शेवटच्या पट्ट्याच्याही वर गेलं आणि बांबूच दिसेना, तर मास्तरांनी वहीत लिहिलं "बांबू बुडाला, रस्त्यावर गुडघाभर". नंतर खात्यात सगळ्यात जास्त वेळ कुठल्या कागदाकडे बघितलं गेलं असेल तर त्या वहीकडे. सह्यांची यादी पण होती, दोनशेच्या वर सह्या, ती त्यांनी उलटून बाजूला ठेवली. वहीच्या प्रत्येक पानाचा मात्र फोटो काढून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात ठराव लिहा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबतो. आधी आम्ही लिहायचो: "वाड्यावरील मोरीची समस्या सोडवण्यात यावी." यात कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत काहीच नाही, असा ठराव पास करायला कोणालाच अडचण नसते आणि पाळायलाही नसते. नंतर जो लिहिला तो साधारण असा होता: "सर्व्हे नंबर अमुक याच्या लगतच्या रस्त्यावरील व्हाळाची पाइप मोरी पावसाळ्यात अपुरी पडते. पंचायतीने सार्वजनिक बांधकाम खात्याला १५ दिवसांत पत्र लिहून जागेची संयुक्त पाहणी मागावी, पाहणीला जलस्रोत खात्याला आणि देखरेख समितीला बोलवावं, आणि पाहणीचा अहवाल पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा." बघा, यात पंचायतीला जे करता येतं तेवढंच मागितलंय. पंचायत मोरी बांधू शकत नव्हती, पण पत्र लिहू शकत होती. समोरच्याला शक्य असलेलं मागितलं की तो नाही म्हणायला कचरतो.

एका ठरावात एकच विषय घ्या. मोरी, दिवे आणि भटकी कुत्री एकत्र घातलं की तिन्ही जातात.

भाषेचं पण सांगतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही जागा दिलेली आहे, तेव्हा अर्ज, ठराव बिनधास्त मराठीत लिहा. पण बऱ्याच पंचायतींत इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जातं, आणि आपल्या "संयुक्त पाहणी"चं तिथे नुसतं "बघणे" होऊन बसतं. म्हणून ठरावाचा इंग्रजी मजकूर आपणच तयार करून मराठीच्या पाठी जोडायचा, मास्तरांच्या भाचीकडून करून घेतो आम्ही. मग सेक्रेटरींनाही सोपं पडतं, उतरवायचंच असतं त्यांना.

ठराव सभेच्या आधी लेखी द्या आणि इनवर्ड करून घ्या, म्हणजे आवक वहीत नोंदवून घ्या. दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख, नंबर आणि सही. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सेक्रेटरी ना, फाल्यां यो" (सेक्रेटरी नाहीत, उद्या ये). मी म्हटलं बाय, सेक्रेटरी नसले तरी इनवर्डची वही आहे ना, मी बसतो. बाकावर बसलो, बाहेर पाऊस, आत ट्यूबलाइट लुकलुकत होती. वीसेक मिनिटांनी तिनेच वही काढली, नंबर घातला, शिक्क्याची शाई सुकली होती तर दोनदा दाबला, आणि माझ्या प्रतीवर तारीख पेनने परत गिरवली म्हणजे नीट वाचता यावी. ती प्रत अजून माझ्या फाइलीत पहिल्या पानावर आहे. त्या मुलीशी आजपण बोलणं आहे, आणि कुठल्याही समितीला सांगेन की ऑफिसातल्या खालच्या माणसाला मान द्या, तुमचा कागद हलतो तो त्यांच्या हाताने.

आता सभेचा दिवस. सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात आणि कायम करतात, त्या वेळी लोक अजून खुर्च्या ओढत असतात. तुमचा एक माणूस फक्त त्यासाठी पहिल्या रांगेत बसवा. चुकीचं लिहिलंय तर आक्षेप तेव्हाच घ्यायचा, कायम झाल्यावर नंतर कितीही बोला. ठरावाला सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा आणि ते दोघे वेगवेगळ्या वाड्यांवरचे असू देत, म्हणजे हा एका वाड्याचा हट्ट असं कोणी म्हणणार नाही. ठराव वाचून दाखवा, बोलू नका, वाचा. मग सेक्रेटरींना नम्रपणे म्हणा की लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचून दाखवा. बीडीओ (गटविकास अधिकारी) ऑफिसमधून निरीक्षक आलेला असेल तर त्याच्यासमोर हे झालेलं चांगलं. आणि गावच्या माणसांवर आवाज चढवू नका, सरपंचबाई असोत की विरोधातले काका, दुसऱ्या दिवशी देवळात, तिंट्यावर (नाक्यावर) तीच माणसं भेटणार आहेत.

ग्रामसभेचा ठराव कायद्याला आणि नियमांना धरून असेल तर तो पंचायतीला बंधनकारक असतो, हे कायद्यातच आहे. पण याचा अर्थ ग्रामसभा काहीही ठरवू शकते असा नाही. कोणाचं बांधकाम परवाना घेऊन चाललंय तर नुसत्या ठरावाने परवाना रद्द होत नाही, त्याला अपील, पंचायत उपसंचालक, तो मार्ग वेगळा आहे. जमिनीच्या झोनिंगचं तर नगरनियोजन खात्याकडे. तिथेही गावाचा सल्ला कामाला येतो, कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधामुळे २००७ च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि नंतर २०२१ च्या आराखड्याचे नकाशे पंचायतींकडे सूचनांसाठी आले तेव्हा ज्या गावांत नकाशा वाचणारे चार लोक होते त्यांना आपलं शेत कुठल्या रंगात गेलंय ते वेळेत दिसलं. म्हणून समितीत दोघांना तरी सर्व्हे प्लॅन वाचायला शिकवा. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दोन संध्याकाळी पुरतात, आपल्याच घराचा सर्व्हे नंबर शोधायला सांगितलं की पोरं लगेच शिकतात.

पैशाचं थोडक्यात. पंचायत दरवर्षी विकास आराखडा करते, जीपीडीपी म्हणतात तो, आणि ऑक्टोबर ते जानेवारीच्या सभांत तो विषय निघतो. तुमचं काम त्यात नसेल तर पुढे वर्षभर "तरतूद नाही" हेच ऐकावं लागतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर दिसतो, आधी बघून जा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, ४० टक्के गावच्या इतर गरजांना. आम्ही मोरीच्या वरच्या बाजूला कचरा अडवायची जाळी मागितली ती स्वच्छतेच्या नावावर, कारण त्या खर्चाच्या हेडखाली पैसे पडून होते आणि रस्त्याच्या हेडखाली नव्हते. मागणी तीच, पण योग्य रकान्यात घातली.

सभेनंतर पंधरा दिवसांनी ठरावाची प्रत मागायची. नाही मिळाली तर एक आठवण पत्र, तेही इनवर्ड करून. तरी नाही तर माहितीचा अधिकार, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाहीतर पहिलं अपील. पण आरटीआय शेवटी वापरा. पहिल्याच दिवशी टाकला की ऑफिस तुमच्याकडे संशयाने बघायला लागतं आणि मग साधा नकाशा पण मिळायला त्रास होतो. आम्ही इतक्या वर्षांत दोनदाच टाकला, दोन्ही वेळा आधी सेक्रेटरींना तोंडी सांगून.

आमच्या पहिल्या ठरावानंतर पंचायतीचं पत्र १५ दिवसांऐवजी दोन महिन्यांनी गेलं, संयुक्त पाहणी चतुर्थीनंतर झाली. इंजिनियर बांबूपाशी उभे राहिले, वही बघितली, खालच्या कुळागरात उतरून सुपारीच्या खोडावरची चिखलाची रेघ हाताने मोजली. म्हणाले इथे पाइप चालणारच नाही, बॉक्स (चौकोनी काँक्रीटची मोरी) पाहिजे. मग एस्टिमेट, मग टेंडर, एक पावसाळा तसाच गेला आणि त्या वर्षी परत पाणी शिरलं, समितीतले दोघे कंटाळून सोडून पण गेले, मला त्यांचा राग नाही आला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात काम झालं. जाळी पंचायतीने बसवली. जाळी दर शनिवारी साफ करायची पाळी वाड्यावरच्या घरांनी वाटून घेतली, ती यादी पण ठरावाला जोडली होती, आणि मला वाटतं पंचायत तिथेच तयार झाली, कारण आम्ही नुसतं मागत नव्हतो.

सगळंच जमलं नाही. देवळामागच्या रस्त्याचे दिवे अजून अर्धे बंद आहेत, खांब वीज खात्याचे, बिल पंचायतीचं, तीन ठराव झालेत. जुलैच्या सभेत चौथा न्यायचाय, या वेळी प्रत्येक खांबाचा नंबर आणि किती तारखेपासून बंद तो तक्ता घालून. मुलं रात्री जाऊन नंबर लिहून आणतायत, बावीस खांबांपैकी चौदाचे झालेत, बाकीच्यांवरचा रंग उडालाय तर तिथे जवळच्या घराचा नंबर घालायचं ठरलंय.